दिव्याचा हिशेब आणि लावा पक्ष्यांचे खुराडे



ऊस विकास अधिकाऱ्याने पक्ष्यांवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मागच्या गट सभेत एका जुन्या सभासदांनी आम्हाला विचारलेच, "साहेब, लागणीचं सोडून आता अंड्यांच्या मागं लागलाय काय?" लागणीचे आम्ही सोडलेले नाही. पण आडसालीला सोळा-अठरा महिने लागतात, आणि घरात मीठ-मिरची रोज लागते. ज्यांचा ऊस वीस-पंचवीस गुंठे आहे त्यांच्या घरातल्या बायका हल्ली जपानी लावा, म्हणजे बटेर, पाळू लागल्या आहेत. सातव्या आठवड्याच्या सुमारास मादी अंड्यावर येते, खाद्य दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम, जागा थोडी. १९७४ साली हा पक्षी परदेशातून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला, आणि तिथून तो आता आपल्या कृष्णाकाठच्या मळ्यापर्यंत पोचला आहे. (रानातली लावी मात्र कोणी धरू नये. तो वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पिल्ले घ्यायची ती पैदास केंद्रातूनच.)

हे लिहायला कारण घडले ते आमच्याच चुकीचे.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका भगिनीने गेल्या वर्षी दोनशे पक्ष्यांचे जाळीचे खुराडे मळ्यात केले. दिवाळीनंतर अंडी घटू लागली. त्यांनी आम्हाला विचारले. दिवस लहान झाला, उजेड कमी पडतोय, एवढे आम्ही बरोबर ओळखले. मळ्यात सिंगल फेजचा भरवसा नाही, म्हणून आम्ही सांगून टाकले, "एक तयार सोलर दिवा आणा, रस्त्यावर असतो तसला. अंधार पडला की आपोआप लागतो, बटनसुद्धा दाबायला नको." त्यांनी अंड्यांच्या पैशातून दिवा आणला. पंधरा दिवसांनी निरोप आला, रोज सकाळी दोन-तीन पक्षी मेलेले सापडतात. डोकी फुटलेली, अंगावर दुसरी जखम नाही. मुंगूस म्हणावे तर जाळी शाबूत. शेजारीपाजारी करणी-बाधेपर्यंत गोष्ट गेली.

शेवटी आम्हीच एक रात्र त्यांच्या पडवीत काढली. दिवा सहाला लागला. पक्षी खात-पीत होते, आम्हाला वाटले सगळे ठीक आहे. पावणेबाराच्या सुमारास बॅटरी संपली आणि दिवा फट्‌कन गेला. त्याबरोबर सगळे खुराडे उसळले. हा पक्षी घाबरला की पळत नाही, बाणासारखा सरळ वर उडतो, आणि वर ताणलेली तारेची जाळी. तो आवाज ज्याने ऐकला त्याला मुंगूस शोधायची गरज नाही.

बॅटरी अपुरी का पडत होती तेही सकाळी उलगडले. खुराड्याच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचा आडसाली ऊस बारा फूट उभा. तीन वाजले की त्याची सावली सोलरच्या तक्त्यावर. तक्त्याचा कोपरा जरी सावलीत गेला तरी सगळ्या तक्त्याची वीज पार उतरते. ऊस कुठे किती वाढलाय हे सांगण्याचा पगार आम्ही घेतो, आणि दिवा सुचवताना आम्ही उसाकडेच बघितले नव्हते!

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, रात्रभर जळणारा तयार दिवा खुराड्याला लावूच नये, आणि उजेड वाढवायचा तो संध्याकाळी नव्हे, पहाटे वाढवावा.

उजेडाचा हिशेब ऊसवाल्यांना नवा नाही. आपल्या उसाला तुरा येतो तो कशाने? ऑगस्ट-सप्टेंबरात दिवस लहान होऊ लागला, रात्र ठराविक लांबीची झाली, की पोंग्यात तुऱ्याची तयारी होते. रात्रीत मधेच उजेड पडला की ती मोडते. रस्त्याच्या दिव्याखालच्या चार सऱ्यांना तुरा नसतो, हे तुम्ही पाहिले असेल. शेवंतीवाले रात्री बल्ब लावतात ते याच न्यायाने. लाव्याचे उलटे आहे, त्याला दिवस मोठा हवा. चौदा ते सोळा तास उजेड मिळाला तर मादी नियमित अंडी देते. हा उजेड पक्ष्याला नुसत्या डोळ्यांनी कळतो असेही नाही, कवटीतून थेट मेंदूपर्यंत तो पोचतो, आणि त्यात तांबूस-पिवळा उजेड जास्त आत जातो. म्हणून पांढरा झगझगीत दिवा नको, पिवळसर घ्यावा.

डिसेंबरअखेर आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडते, सहाला मावळते. म्हणजे दिवस अकरा तासांचा. पहाटे चारला दिवा लागून सातला बंद झाला की चौदा तास भरले. त्यावेळी बाहेर उजाडलेले असते, दिवा गेल्याचे पक्ष्याला कळतही नाही. आणि संध्याकाळ देवाने केली तशीच, हळूहळू. पक्षी आपापल्या जागी बसतात. आता पहाटे चारला कोण उठणार, असे विचाराल. त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारे टायमरचे घड्याळ मिळते. त्याला रोज हात लावू नये. आज चारला, उद्या पाचला असे केले तर अंडी बिघडतात. नव्या माद्यांना सहा आठवडे झाल्यावर आठवड्याला अर्धा-अर्धा तास वाढवत न्यावे, आणि अंडी चालू असताना उजेड कमी करू नये.

खर्चाचे म्हणाल तर दोनशे पक्ष्यांना तीन-तीन वॅटचे दोन एलईडी दिवे पुरतात. वर्तमानपत्राचे मोठे मथळे वाचता आले म्हणजे उजेड झाला. सहा वॅट तीन तास, म्हणजे रोज अठरा वॅट-तास. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासाच्या बॅटरीत चौऱ्याऐंशी वॅट-तास मावतात. त्यातले निम्मेच वापरायचे म्हटले तरी दोन दिवस ढगाळ गेलेले निभावतात. वीस वॅटचा तक्ता दिवसाला पन्नासाच्या आसपास भरून देतो. गाडीची जुनी बॅटरी मात्र जोडू नका. ती इंजिनाला धक्का देण्यासाठी असते, रोज उतरवली की लवकर बसते. आणि एक गोष्ट आम्हाला फार आवडली. पावसाळ्यात ऊन नसते, पण तेव्हा दिवसच तेरा तासांच्या पुढे-मागे असतो, तासभर दिवा पुरतो. जेव्हा दिवा जास्त लागतो, तेव्हा आभाळ निरभ्र असते.

तक्ता दक्षिणेला तोंड करून, वीस-पंचवीस अंश कलता ठेवावा. कारखान्याच्या जवळपास राहणाऱ्यांनी हंगामात दोन दिवसांआड ओल्या फडक्याने पुसावा. आपल्याच धुराड्याची काजळी बसते, नाही कशाला म्हणा. खुराड्याच्या छताखाली गोणपाट ताणून बांधावे, म्हणजे पक्षी उसळला तरी डोके फुटत नाही. सौर पंपाच्या तक्त्यातून वायर काढायचा उद्योग काही तरुण मंडळी करू बघतात. तो जिवाशी खेळ आहे. तिथे तक्ते एकापुढे एक जोडलेले असून दाब शेकड्यांत असतो.

पिल्लांना ऊब देण्याचे काम मात्र या दिव्याचे नाही. एलईडीला ऊब नसते, आणि शंभर वॅटचा बल्ब रात्रीचे बारा तास सोलरवर चालवायचा तर बाराशे वॅट-तास लागतील. तेवढ्याच्या बॅटरीत तुमची वर्षाची अंडी जातील. तीन-चार आठवड्यांची पिल्ले घ्यावीत हे बरे. आणि मांसासाठी पाच आठवड्यांत विकायचे असतील, तर हा वाढीव उजेड लागतच नाही. उलट जास्त उजेडात नर भांडतात.

त्या भगिनीने आमच्यावर राग धरला नाही, हा त्यांचा मोठेपणा. जुना दिवा आता त्यांच्या गोठ्यात आहे. टायमर आमच्या खर्चाने बसवला, पुढच्या दोन महिन्यांत खुराड्यात एकही पक्षी डोके फुटून गेला नाही, आणि अंडीही सावरली. पण बावीस पक्षी गेले ते गेलेच. म्हणून आमची संचालक मंडळाला विनंती आहे की, जोडधंद्याची उचल मंजूर करताना दिव्याच्या पावतीबरोबर टायमरची पावतीही मागावी, आणि जागा पाहायला शेतकी विभागाचा माणूस पाठवावा. आम्ही स्वतः येऊ.

टायमर आणि जोडणी बघायची असेल त्यांनी गट ऑफिसला यावे, एक संच तिथे लावून ठेवला आहे. येताना खुराड्याच्या पश्चिमेला कोणाचा ऊस उभा आहे, आणि त्याला तोड कधी आहे, तेवढे मात्र विचारून या.