अक्वामे मुत्तहिदा कुणाची?

आमच्या घरातले बुजुर्ग तिला आजही 'युनो' म्हणतात. उर्दू पाठ्यपुस्तकात ती 'अक्वामे मुत्तहिदा' आहे. विद्यार्थी तिचे नावही घेत नाहीत, मोबाईलवर गाझातली मुले मरताना पाहून ते एवढेच विचारतात, "सर, ती करते तरी काय?"

बुजुर्गांचे ठीक आहे. ते नेहरू, नासेर, सुकार्नो यांच्या गोष्टी ऐकत वाढले. गुलामीतून सुटलेल्या देशाला आमसभेत खुर्ची मिळाली, याचेच त्यांना अप्रूप होते. आमची पिढी शाळेत होती तेव्हा, मार्च २००३ मध्ये, सुरक्षा परिषदेची संमती नसताना इराकवर हल्ला झाला. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी २००४ साली तो बेकायदा म्हटला. कुणाचे काय बिघडले?

तेव्हा संताप आम्हालाही आहे. पण "बंद करा ती युनो" हे आम्हाला मान्य नाही. हे वाक्य कुणाच्या सोयीचे आहे, ते तरुणांनी तपासावे. ८ डिसेंबर २०२३ रोजी सुरक्षा परिषदेतल्या पंधरापैकी तेरा देशांनी गाझातील युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, ब्रिटन तटस्थ राहिले, आणि एकट्या अमेरिकेच्या हाताने ठराव पडला. चारच दिवसांनी आमसभेत १५३ देश युद्धबंदीच्या बाजूने उभे राहिले. विरोधात १०. त्या १५३ मध्ये भारतही होता. मग जग बहिरे आहे असे कसे म्हणायचे? बहिरा आहे तो नकाराधिकार! आणि ती काही एकट्या अमेरिकेची मिरास नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्याबद्दलचा ठराव रशियाने असाच मारला. वॉशिंग्टनच्या व्हेटोवर तासभर बोलणारे आमचे वक्ते मॉस्कोच्या व्हेटोवर गप्प का होतात?

बलवानाला युनो नसली तरी चालते, त्याच्याकडे विमाने आहेत. निर्वासिताने काय करावे? पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी आमसभेने १९४९ साली संस्था काढली. तिच्याच शाळांत त्यांच्या पिढ्या अक्षरे शिकल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्याच संस्थेचे काम रोखणारे कायदे केले. "बंद करा" म्हणणाऱ्या आमच्या तरुणांनी आपण कुणाच्या रांगेत उभे आहोत ते एकदा पाहावे.

आणि शाळांत काय चालते? २४ ऑक्टोबरला तक्ता टांगायचा, सहा अंगांची नावे घोकून घ्यायची, झाला संयुक्त राष्ट्रदिन. १९४५ साली सनद झाली तेव्हा आफ्रिकेतले चारच देश संस्थापक सभासद होते, बाकी खंड बहुतेक गुलामीत होता. त्या वेळी पाच देशांनी नकाराधिकार आपल्याकडे ठेवला. आज आफ्रिकेचे ५४ देश सभासद आहेत, कायम जागा एकालाही नाही. यंदा तक्ता बाजूला ठेवून मुलांपुढे एवढे आकडे मांडावेत आणि त्यांना भांडू द्यावे, अशी शिक्षकबांधवांना आमची विनंती आहे.