कोयत्याला बाळंतपण नाहीं काय?

दसरा-दिवाळी सरली कीं बीडकडच्या कोरडवाहू गांवांतून घरेंच्या घरें ऊसतोडीस निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती या जोडीस देतो, मजुरी टनावर जोडीची, आणि एक दिवस चुकला तर खाडाहि जोडीचाच. सातव्या महिन्याची बाई पहाटे फडांत उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, ती हौसेनें नव्हे. तिनें एक दिवस दवाखान्याची वाट धरली तर नवऱ्याचाहि दिवस बुडतो आणि उचल अंगावर राहते.

आमचे शहरी सुशिक्षित बंधु मात्र म्हणतात, बाया अडाणी आहेत, तपासणी फुकट असून येत नाहींत. वाहवा! फुकट आहे हें खरें. सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त, जेवण, घरून नेण्याआणण्याची गाडी, हें सर्व विनामूल्य देण्याचें 2011 सालीं ठरलें. पण गाडी येणार घरीं, आणि घराला कुलूप! हिचें नांव गांवच्या आशाताईच्या वहींत, ही दोन जिल्हे पलीकडे पाचटाच्या कोपींत. रात्रीं कळा लागल्या तर तेथल्या डॉक्टरास तिच्या अंगांत रक्त किती हेंहि ठाऊक नाहीं. 2019-21 च्या सरकारी पाहणींत देशांतल्या गर्भवतींपैकीं शेंकडा 52 जणींस रक्त कमी आढळलें. 2016 पासून जागतिक आरोग्य संघटना आठ तपासण्या सांगते. आमच्याकडे त्याच पाहणींत चार झालेल्या बाया शेंकडा 58.

पैशाचा प्रकार पाहा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यांत गर्भवतीस निदान सहा हजार रुपये लिहिले. 2017 सालीं योजना आली ती पांच हजारांची, व पहिल्या मुलापुरती. 2022 पासून दुसऱ्या खेपेसहि मिळूं लागले, पण मुलगी झाली तरच. दुसरा मुलगा पोटांत असतां बाईस भूक लागत नाहीं, असा दिल्लीकरांचा शोध दिसतो! त्याच 2017 सालीं कचेऱ्या-कारखान्यांतल्या बायांची भरपगारी रजा 26 आठवडे झाली. झाली तें योग्यच झालें. मग तोडणारीचें काय? कारखाना म्हणतो ती मुकादमाची, मुकादम म्हणतो मी कसला मालक!

जोतीराव-सावित्रीबाईंनीं 1863 सालीं अडलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणासाठीं पुण्यांत आपलें घर उघडें केलें. 1928 सालीं मुंबई कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं कामकरी बायांच्या प्रसूति-बिलाची बाजू घेतली. पुढल्या वर्षीं कायदा झाला. तो गिरणीस लागला, फडास लागला नाहीं. आणि आज कारखान्याच्या गादीवर कोण बसले आहेत? जोतीरावांची तसबीर दालनांत लावणारे आमचेच बहुजन बंधु! भटाचें जोखड उतरविलें तें भावानें बहिणीच्या मानेवर ठेवावें म्हणून काय?

ऊस पिकविणाऱ्या सभासद शेतकऱ्यांनो, हा सवाल तुम्हांसहि आहे. गाळपापूर्वीं वार्षिक सभेंत उठा आणि विचारा: गर्भवतीच्या जोडीचा खाडा कारखाना सोडणार कीं नाहीं? सातव्या महिन्यापासून तिच्या वाट्याची मजुरी तिला घरबसल्या देणार कीं नाहीं? नर्सबाई तळावर येणार कधीं, तें तारखेसह सांगा. चेअरमनसाहेबांनीं उत्तर दिलें तर तें इतिवृत्तांत लिहून घ्या. न दिलें तर तेंहि लिहून घ्या आणि आम्हांस कळवा. आम्ही छापूं.