नियोजन दुकानापुरतेच का?

रेवसच्या बंदराला लाँच केव्हा लागावी हे भरती-ओहोटी ठरवते. गाळ साचलेल्या खाडीत ओहोटीच्या वेळी धक्का गाठणे कठीण; म्हणून भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्याला आधी पाण्याचा हिशेब पाहावा लागतो. याच जलमार्गाने अलिबाग तालुक्यातील माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो चिरडला गेला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि जेथे कापड विणले जात होते तेथे तयार कपडे विकणारी झगझगीत दालने उभी राहिली. लोअर परळची फिनिक्स मिल हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. विणणाऱ्याचे कसब मोडीत निघाले आणि विकणाऱ्याच्या हिशेबाचे राज्य आले.

तो हिशेब आता खाडी ओलांडतो आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला. करंजा आणि रेवस यांना जोडणाऱ्या पुलाचे काम हाती घेण्यात आले आहे. भिवंडीच्या गोदामांतून निघालेली मालमोटार उद्या या किनाऱ्यावरच्या गावागावांत सहज पोचेल. तिच्यामागे जी यंत्रणा आहे तिची ओळख करून घेणे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.

या यंत्रणेला ‘एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग’, थोडक्यात ईआरपी म्हणतात. खरेदी, गोदाम, विक्री, पगार, देणी-घेणी यांच्या पूर्वी निरनिराळ्या असलेल्या वह्या संगणकावर एकत्र करणारी ही प्रणाली आहे. कापडधंद्यात तिची गरज विशेष का, हे साध्या गणिताने समजेल. कुडत्याचा एकच नमुना सहा मापांत आणि पाच रंगांत आणला, तर दुकानदाराच्या दृष्टीने त्या ३० वेगळ्या वस्तू होतात. अशी १०० दुकाने असतील, तर एका नमुन्यासाठी ३,००० आकडे सांभाळावे लागतात. आणि नमुने शेकड्यांनी असतात. हंगाम उलटला की उरलेला माल पडत्या भावात काढावा लागतो. म्हणून दुकानात बिल फाडले जाताच तो आकडा मुख्य कचेरीत पोचतो, साठा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की गोदामाला मागणी जाते, आणि शेवटी शिलाईच्या कारखान्यापर्यंत हुकूम पोचतो.

अलिबाग-रेवस परिसरातला छोटा कापड दुकानदार हेच काम डोक्याने आणि वहीने करीत आला आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यांत पैसा नसतो. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या की तो हळूहळू येऊ लागतो. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला खरेदी होते. या ऋतुचक्रावर त्याची उधारी चालते. या दुकानदाराचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. उधारीत गिऱ्हाइकाची कोंडी होते आणि दुकानातल्या नोकराला पुरते वेतन क्वचितच मिळते, हे या किनाऱ्यावर कोणाला सांगायला नको. तरीही त्याचे ज्ञान आणि त्याचा नफा दोन्ही गावात राहतात. साखळी-दुकानाचा संगणक विक्रीच्या आकड्यांवरून हेच ऋतुचक्र दोन-तीन वर्षांत शिकून घेतो. मात्र ते ज्ञान मुख्य कचेरीच्या मालकीचे होते आणि जून-जुलैत उधार देण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

यातला खरा विरोधाभास अर्थशास्त्राचा आहे. १९४५ मध्ये हायेक यांनी असे प्रतिपादन केले की, समाजातले ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते. ते कोणत्याही मध्यवर्ती मंडळाला गोळा करता येणार नाही, म्हणून नियोजन अशक्य आणि बाजारभाव हाच खरा मार्गदर्शक. त्यांचे जुने प्रतिपक्षी ऑस्कर लांगे यांचा अखेरचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. संगणक आल्यावर हा आक्षेप पूर्वीसारखा टिकत नाही, असे त्यात त्यांनी मांडले. भारतात तर पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक १९५० च्या दशकात महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडाही महालनोबिस यांचाच. १ जानेवारी २०१५ पासून नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. म्हणजे जे साधन हाती आल्याने नियोजन अधिक अचूक होऊ शकले असते, ते सर्वत्र पसरले असताना राष्ट्राने आपले नियोजनाचे दप्तर गुंडाळले. आणि बाजाराचे गोडवे गाणाऱ्या कंपन्यांनी मात्र आपल्या चार भिंतींच्या आत दर तासाचे नियोजन सुरू केले. कंपनीची दोन दुकाने एकमेकांशी भावाची घासाघीस करीत नाहीत. ती योजनेप्रमाणे चालतात.

ही यंत्रणा अचूकच असते असे मात्र नव्हे. ‘टार्गेट’ या अमेरिकन कंपनीने मार्च २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडण्यास प्रारंभ केला. नवी प्रणाली घाईने बसवली गेली. हजारो वस्तूंची माहिती अपुऱ्या प्रशिक्षणाच्या नोकरांकडून भरून घेतली गेली. वस्तूंची मापे, एकके, सांकेतिक क्रमांक यांत चुका राहिल्या. गोदामे तुंबली आणि फळ्या रिकाम्या राहिल्या. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने सर्व १३३ दुकाने बंद करण्याचे जाहीर केले; सुमारे १७,६०० कर्मचाऱ्यांची रोजी गेली. धडा स्पष्ट आहे. ही यंत्रणा शेवटी आकडे भरणाऱ्या, पेट्या उघडणाऱ्या, फळ्या लावणाऱ्या माणसाच्या कामावर उभी असते. पण ती बसवताना त्याला कोणी विचारीत नाही, आणि ती कोसळली की पहिला बळी त्याचाच जातो.

कोसळली नाही तरी भार त्याच्यावरच येतो. कोणत्या तासाला किती गिऱ्हाईक येते हे कळले की त्या तासापुरतीच माणसे बोलवावीत, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याचे सर्व दिवस दुकान उघडे ठेवण्याची मुभा दिली; तेव्हा विक्रेत्या मुलीची पाळी आणि तिची सुट्टी यंत्राच्या सोयीने ठरू लागते. पुरवठादाराचीही तीच गत. सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावीत, असे २००६ चा कायदा सांगतो. माल केव्हा आला आणि पैसे केव्हा दिले याची नोंद प्रणालीत तारखेनिशी असते. म्हणजे देणे लांबते तेव्हा माहितीच्या अभावाची सबब उरत नाही.

मग संगणकाला विरोध करावा काय? तो मार्ग चळवळीने एकदा चालून पाहिला आहे. फळ मिळाले ते करारातून. १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाविषयी करार केला आणि यंत्रे कोठे व कोणत्या अटींवर येतील हे वाटाघाटीने ठरले. दुकान-कर्मचारी आज विखुरलेले आणि असंघटित आहेत. पण मागणी तीच असली पाहिजे. पाळीचे वेळापत्रक पुरेसे आधी जाहीर व्हावे. यंत्राच्या आकड्यावरून कोणाला काढायचे असेल तर तो आकडा त्याला दाखवावा. पुरवठादारांची थकित देणी कंपनीने जाहीर करावीत. आणि नवी प्रणाली बसवण्यापूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा करणे बंधनकारक असावे.

दुसरे काम रचनेचे आहे, आणि त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले: कुटुंबांचे संघ आपली महिन्याची मागणी आधी नोंदवतात, तिची बेरीज होते आणि तेवढाच माल घाऊक भावाने खरेदी होतो. साखळी-दुकान ज्या मागणीचा अंदाज बांधण्यासाठी कोट्यवधी रुपये ओतते, ती मागणी येथे माणसे स्वतः सांगतात. रेवस ते अलिबागपर्यंतचे छोटे दुकानदार, शिलाई करणाऱ्या स्त्रियांचे बचत गट आणि ग्राहक यांनी मिळून सहकारी तत्त्वावर एक समाईक हिशेब-प्रणाली का उभारू नये? एकट्या दुकानदाराला तिचा खर्च झेपणार नाही, पण तालुक्याच्या संघाला झेपेल. अट एवढीच की तिच्यातली वही सभासदांना खुली असावी आणि खरेदीचा निर्णय त्यांच्या सभेत व्हावा.

पूल पूर्ण होण्याची वाट पाहून हे काम होणार नाही. कार्यकर्त्यांनी प्रथम आपापल्या गावातल्या दुकान-नोकरांची आणि छोट्या दुकानदारांची यादी करावी, दोघांच्या स्वतंत्र बैठका घ्याव्यात, आणि मग एकत्र बैठक बोलवावी. दोघांत वेतनावरून तंटा आहे. तो झाकून ठेवू नये. तो मिटविण्याची पहिली अटच ही असावी की हिशेब दोघांसमोर मांडला जाईल.