ब्रेक दाबला, तरी बस पळाली

पनवेलहून हार्बरची लोकल धरून कुर्ल्याला उतरणारी आपली कितीतरी माणसे आहेत. त्यांना कुर्ला पश्चिमेचा एस. जी. बर्वे मार्ग कुठे आहे हे सांगावे लागत नाही. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री या भरबाजाराच्या रस्त्यावर बेस्टची ३३२ क्रमांकाची इलेक्ट्रिक बस एकाएकी पळत सुटली. रिक्षा, मोटारी, हातगाड्या, पायी चालणारी माणसे, जे समोर आले ते चिरडत गेली. पहिल्या दोन दिवसांतच सात जण गेले, पुढे जखमींपैकी आणखी दगावले. कामावरून घरी परतणारी, बाजारहाटाला निघालेली साधी माणसे होती ती.

सुरुवातीला सर्वांच्या तोंडी एकच शब्द होता, ब्रेक फेल. परिवहन खात्याच्या लोकांनी बस तपासली तेव्हा ब्रेक चालू स्थितीत आढळले. ड्रायव्हरच्या बाजूने मात्र बसमध्येच बिघाड होता असे सांगण्यात आले. कोण खरे, कोण खोटे, हा निवाडा न्यायालयाचा. आम्हाला त्यात पडायचे नाही. पण ‘मी ब्रेकच दाबत होतो, गाडी थांबेना’ असे सांगणारे ड्रायव्हर जगभर आहेत, आणि ते सगळे खोटे बोलत नसतात. त्यांना खरोखर तसेच वाटत असते. हे कसे, ते समजून घेतले पाहिजे.

आमच्या भगिनी म्हणतील, आमच्या दारी कुठे मोटार आहे? मोटार नसेल, पण ती चालवणारा आपल्याच घरात आहे. कोणाचा मुलगा कंत्राटदाराच्या बसवर, कोणाचा भाऊ भाड्याच्या टॅक्सीवर, कोणाचे यजमान साहेबांच्या गाडीवर. नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागली, तेव्हा पनवेल-उलव्याच्या पोरांना आशा लागली ती याच कामाची. ही पोरे शिकली क्लच-गियरच्या गाडीवर. हाती येते आहे ती ऑटोमॅटिक, नाहीतर इलेक्ट्रिक. लायसन मात्र दोन्हीला एकच चालते.

फरक असा. जुन्या गाडीत डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे एक्सिलरेटर, ज्याला आपण रेस म्हणतो. माणूस घाबरला की दोन्ही पाय दाबतो. उजवा पाय चुकून रेसवर पडला तरी डाव्या पायाने क्लच दाबलेला असतो, त्यामुळे इंजिन नुसते ओरडते आणि गाडीला ओढ लागत नाही. त्या आवाजानेही माणूस भानावर येतो. नव्या गाडीत क्लच नाही. डावा पाय मोकळा. इलेक्ट्रिक गाडीत तर इंजिनाचा आवाजही नाही, आणि रेस दाबताच उभ्या जागेवरून पूर्ण जोर मिळतो. बारा मीटरची बस अशी सुटली तर भानावर यायला वेळ किती मिळणार?

आता त्या चुकलेल्या पायाचे पाहा. रिचर्ड श्मिट नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ साली यावर लिहिले. ड्रायव्हर मनाने ब्रेककडेच पाय नेतो. बसण्यात जरा बदल झाला, मान वळवून मागे पाहिले, की पाय बोटभर सरकून रेसवर पडतो. पायाला डोळे नाहीत, आणि मनाची खात्री असते की हा ब्रेकच. गाडी पळते, तो आणखी जोरात दाबतो, गाडी आणखी पळते. काही सेकंदांचा हा खेळ, आणि शेवटपर्यंत त्याला शंका येत नाही.

अमेरिकेत ऑडी कंपनीच्या मोटारींवरून १९८६ साली असाच गदारोळ झाला. १९८९ साली सरकारी चौकशीचा अहवाल आला की बहुतेक ठिकाणी पाय चुकला होता. मात्र इंजिन मधूनच जरासे उसळत असे, त्याने माणूस दचके आणि पाय चुके, हेही त्यात होते. त्या काळातच ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गियर पडू नये अशी कळ आली, ती आज बहुतेक ऑटोमॅटिक मोटारींत असते. दक्षिण कोरियात सोलच्या सिटी हॉलजवळ जुलै २०२४ मध्ये नऊ जण मोटारीखाली गेले. ड्रायव्हर म्हणाला, गाडीच आपोआप सुटली. तपासात त्याच्या बुटाच्या तळव्यावर ठसा सापडला तो रेसच्या पट्टीचा.

पण दरवेळी पायच चुकतो असे म्हणणे कंपन्यांच्या फार सोयीचे आहे. टोयोटाच्या मोटारींत पायाखालची चटई रेसच्या पट्टीत अडके, काहींत पट्टीच अडकून राही. लाखो मोटारी परत बोलवाव्या लागल्या. हे दोष ग्राहकांपासून लपवले म्हणून २०१४ साली कंपनीला अमेरिकी सरकारला १२० कोटी डॉलर भरावे लागले. म्हणून गाडीची तपासणी कसून झालीच पाहिजे. गरीब ड्रायव्हर दिसला की ‘मानवी चूक’ लिहून फाईल मिटवायची, हे चालणार नाही.

कुर्ल्याच्या बाबतीत आम्हाला खुपते ते वेगळेच. बसवर नाव बेस्टचे, बस आणि ड्रायव्हर कंत्राटदाराचा. हा ड्रायव्हर आधी लहान, गियरची बस चालवीत असे. मोठ्या इलेक्ट्रिक बसचे शिक्षण जेमतेम काही दिवसांचे, असे अपघातानंतर उघड झाले. समजा पाय चुकला. पण ज्याचा पाय वर्षानुवर्षे क्लचला सरावला, त्याला पुरते न शिकवता गर्दीत कोणी सोडले? तुरुंगात गेला तो ड्रायव्हर. जपानने २०२८ च्या सप्टेंबरपासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींना एक यंत्रणा सक्तीची केली आहे, समोर अडथळा असताना कोणी एकदम रेस दाबली तर गाडी ती जुमानत नाही. म्हणजे पाय चुकणार हे धरूनच तिथे गाडी बांधायची ठरले. आमच्याकडे पाय चुकल्यावर फक्त कलम लावतात.

असो. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याला हे वाचून दाखवावे. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक आणि रेस दोन्हीला उजवाच पाय वापरायचा, डावा बाजूला स्वस्थ ठेवायचा. सुरू करण्यापूर्वी पाय दोन-तीनदा ब्रेकवर नेऊन जागा पक्की करावी. सैल चप्पल नको, सुटी चटई नको, पायाशी पाण्याची बाटली तर मुळीच नको. आणि गाडी सुटलीच, तर आधी पाय पूर्ण उचलायचा. मनाला खात्री असली की तो ब्रेकवरच आहे, तरी उचलायचा. मग पुन्हा ब्रेकवर ठेवून एकदाच पूर्ण जोराने दाबून धरायचा, सोड-दाब करायची नाही. गियर न्यूट्रलला टाकायचा. चावी मात्र काढायची नाही, स्टिअरिंग अडकते.

कंत्राटावर लागणाऱ्या मुलांनी आणखी एक करावे. कोणत्या गाडीवर, किती दिवस, कोणी शिकवले, याचा कागद सही-शिक्क्यानिशी मागून घ्यावा आणि त्याची प्रत घरी आईजवळ किंवा बायकोजवळ ठेवावी. मालक देत नसेल तर लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोच घ्यावी. उद्या काही घडले तर पहिला प्रश्न याच कागदाचा निघेल.