प्रभुभोजनाला बसण्यापूर्वी

इसवी सन 55च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला खरमरीत पत्र लिहिलं. तिथले खातेपिते लोक प्रभुभोजनाला आधी येऊन जेवून, पिऊन तर्र होत. राबून उशिरा पोचणारे गरीब उपाशी राहत. प्रत्येकाने आधी स्वतःला पारखावं आणि मगच ती भाकर खावी, हा पौलाचा आग्रह या अन्यायातून आला. हा संदर्भ आज फार थोड्यांच्या लक्षात असतो.

स्कॉटलंडमध्ये पुढे ही पारख वडीलजनांनी हाती घेतली. ते घरोघर जाऊन धर्मज्ञान आणि वागणूक तपासत. पात्र ठरलेल्याला शिशाचा छोटा बिल्ला मिळे. त्यावर पॅरिशची आद्याक्षरं, बहुधा सालही. बिल्ला नसेल तर मेजाशी जागा नाही. शिस्त कडक होती, पण दुसऱ्याने दिलेला बिल्ला म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे.

कॅथलिकांमध्ये सहभागितेपूर्वी एक तास उपवास असतो आणि गंभीर पाप घडलं असेल तर आधी पापनिवेदन करावं लागतं. हे नियम हवेतच. पण तमिळनाडूतल्या काही चर्चमध्ये दलितांना वेगळं बसवलं गेलं, दफनभूमीतही भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडच्यांनी उपास काटेकोर पाळला असेलही. पौलाच्या कसोटीला ते उतरत नाहीत.

म्हणून येत्या रविवारी रांगेत उभं राहण्याआधी आपल्या पापांबरोबरच आपण कोणाला दूर ठेवलं तेही आठवावं. भावाशी अबोला असेल, कामवाल्या बाईचा पगार थकला असेल, तर तो हिशेब आधी मिटवावा.