समजून घ्या : गाडी कमी चालली, मग टायमिंग बेल्ट बदलायचा कशाला?

२०१८ ची एखादी डिझेल हॅचबॅक डोळ्यांसमोर आणा. घर ते ऑफिस सात किलोमीटर, मधली दोन वर्षे वर्क फ्रॉम होम, बाकी गणपती आणि दिवाळीला गावची फेरी. ओडोमीटरवर जेमतेम ४६ हजार. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले. अशा गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायला मेकॅनिकने सांगितले, की मालकाचे उत्तर ठरलेले असते : ‘एवढी चाललीय कुठे गाडी?’

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. गाडी किती चालली हे ओडोमीटर सांगतो. बेल्ट किती वर्षांचा झाला, हे सांगत नाही. टायमिंग बेल्ट रबराचा असतो आणि रबर उभ्या गाडीतही जुने होते.

हा विषय आत्ताच महत्त्वाचा का?

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले आणि अनेक छोट्या डिझेल गाड्या बंद झाल्या. फोक्सवॅगन पोलो आणि व्हेंटो, स्कोडा रॅपिड, रेनो डस्टर यांची डिझेल इंजिने तेव्हाच थांबली. ही सगळी टायमिंग बेल्टवर चालणारी इंजिने. म्हणजे यातली सर्वांत नवी गाडीही आज पाच वर्षांपेक्षा जुनी आहे. यातल्या कित्येक गाड्यांचे मालक बदलले आहेत. बेल्ट कधी बदलला, बदलला की नाही, हे नव्या मालकाला ठाऊक नसते.

टायमिंग बेल्ट करतो काय?

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनच्या हालचालीने फिरतो. वर कॅमशाफ्ट असतो, तो हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे वॉल्व्ह उघडतो. या दोघांचा ताळमेळ टायमिंग बेल्ट राखतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हे गणित कधीच चुकता कामा नये. इंजिन ३,००० आरपीएमवर असताना प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. हे सगळे आतून दाते असलेल्या एका रबरी पट्ट्याच्या भरवशावर. रबराला बळकटी देण्यासाठी आत काचतंतूंचे धागे असतात.

बाहेरून दिसणारा फॅन बेल्ट वेगळा. तो अल्टरनेटर, एसी असे भाग फिरवतो. तो तुटला तर गाडी बंद पडते, पण इंजिन सहसा वाचते. जुन्या बिलावर नुसते ‘बेल्ट बदलला’ असे लिहिलेले असेल, तर तो कोणता बेल्ट हे विचारलेच पाहिजे.

तुटला तर नुकसान किती?

बेल्ट तुटला किंवा त्याचे दाते गेले, की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो. काही वॉल्व्ह उघडेच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र वेगाच्या जोरावर फिरत राहतो आणि वर येणारे पिस्टन त्या वॉल्व्हवर आदळतात. वॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टन, कधी सिलिंडर हेडही जाते. काही जुन्या, कमी कॉम्प्रेशनच्या पेट्रोल इंजिनांत ही धडक होत नाही. डिझेलमध्ये पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्यातले अंतर इतके कमी असते, की सुटका जवळजवळ नाहीच.

बेल्ट वेळेवर बदलण्याचा खर्च हजारांत असतो. हेड उतरवून वॉल्व्ह बदलायची वेळ आली तर तो कित्येक पटींनी वाढतो. पिस्टनपर्यंत काम गेले, तर जुन्या गाडीच्या किमतीशी तुलना करून ‘दुरुस्त करायची की भंगारात द्यायची’ असा प्रश्न उभा राहतो. विम्याचाही आधार नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड हे नेहमीच्या मोटार पॉलिसीत वगळलेले असतात.

कोणत्या गाडीत बेल्ट, कोणत्या गाडीत चेन?

गाडीचे नाव नव्हे, इंजिन पाहायचे. पोलोच्या १.५ टीडीआय डिझेलमध्ये बेल्ट आहे. त्याच पोलोच्या १.२ एमपीआय पेट्रोलमध्ये चेन. ह्युंदाई आय-१० च्या १.१ इंजिनात बेल्ट, तर १.२ कप्पा इंजिनात चेन. जुन्या इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये बेल्ट होता, क्रिस्टाच्या २.४ डिझेलमध्ये चेन आली. अल्टो ८०० आणि फोर्ड इकोस्पोर्टचे १.५ डिझेल बेल्टवाले. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिने आणि स्विफ्टचे १.३ डिझेल चेनवाले. नव्या गाड्यांतूनही बेल्ट गेलेला नाही : कुशाक, टायगुन यांच्या १.० टीएसआय इंजिनात बेल्टच आहे.

चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. चेन ऑइलवर जगते. ऑइल बदलायला उशीर होत राहिला तर ती सैल पडते आणि सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड ऐकू येते.

किलोमीटर की वर्षे?

दोन्ही. यातले जे आधी पूर्ण होईल ते. किलोमीटरची मर्यादा इंजिनानुसार साधारण ६० हजारांपासून दीड लाखापर्यंत बदलते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावता येत नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतले देखभालीचे कोष्टक हाच आधार. काही पुस्तिकांत फक्त किलोमीटर दिलेले असतात. अशा वेळी अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन वर्षांची मर्यादा विचारावी आणि उत्तर लेखी घ्यावे. तेही मिळाले नाही, तर पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बेल्ट बदलणे हा शहाणपणाचा हिशेब.

डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबणेही पुरेसे नाही. जुन्या डिझेल इनोव्हात टी-बेल्टचा दिवा असतो. तो ठरावीक किलोमीटर झाले की लागतो. वर्षे मोजत नाही, बेल्टची अवस्थाही तपासत नाही. शिवाय बेल्ट न बदलताही तो दिवा रिसेट करता येतो.

ट्रॅफिकचा हिशेब वेगळा का?

बेल्ट रस्ता मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजतो. पुणे किंवा ठाण्याच्या गर्दीत सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर ४० हजार किलोमीटरसाठी इंजिन २,००० तास चालते. महामार्गावर सरासरी ६० च्या वेगाने तेच अंतर सुमारे ६७० तासांत संपते. ओडोमीटर सारखाच, इंजिन चालण्याचे तास मात्र तिप्पट. सिग्नलवर उभ्या गाडीचा ओडोमीटर थांबलेला असतो, बेल्ट थांबलेला नसतो. वर बॉनेटखालची उष्णता आणि धूळ. त्यामुळे शहरातच फिरणाऱ्या गाडीने किलोमीटरची मर्यादा गाठेपर्यंत थांबणे धोक्याचे.

नुसते पाहून कळते का?

भेगा, तुटलेले धागे, झिजलेले दाते दिसले तर बेल्ट लगेच बदलायचा, यात वाद नाही. उलटे मात्र खरे नाही. अलीकडच्या बेल्टचे रबर वरून चांगले दिसत असतानाही आतले धागे थकलेले असू शकतात. ‘उघडून पाहिला, अजून वर्षभर जाईल’ हे मेकॅनिकचे वाक्य अंदाज असते, तपासणी नव्हे. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट गळत असेल, तर मुदत शिल्लक असली तरी थांबू नये.

जुनी गाडी घेताना काय करावे?

नियम साधा : लेखी नोंद नाही, तर बेल्ट बदललेलाच नाही असे धरून चालायचे. आरसीवरची नोंदणीची तारीख खोटे बोलत नाही. बिल दाखवता आले नाही, तर बेल्टचे वय तेच गाडीचे वय. त्याचा खर्च सौद्यातून वजा करून घ्यावा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिले काम तेच करावे. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम नंतर.

काम करून घेताना फक्त बेल्ट बदलून पैसे वाचवू नयेत. बेल्टला ताण देणारा टेन्शनर आणि आयडलर पुलीही तेवढ्याच जुन्या असतात. त्यांचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्टही जातो. काही इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. तो नंतर गळू लागला तर सगळी मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. बिलावर तारीख, किलोमीटर आणि बदललेल्या प्रत्येक भागाचे नाव लिहून घ्यावे. जुने भाग परत मागावेत.

रस्त्यातच बंद पडली तर?

चालत्या गाडीचे इंजिन झटक्यात बंद पडले तर चावी काढू नये. स्टेअरिंग लॉक होऊ शकते. ब्रेकची मदत एक-दोनदा दाबण्यापुरतीच उरते, म्हणून ब्रेक सारखा सोडून दाबण्याऐवजी एकदाच जोरात दाबून धरावा. गाडी डावीकडे घेऊन हझार्ड लावावेत. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. यानंतरची चूक सर्वांत महाग पडते : पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे किंवा चार जणांनी धक्का देऊन गाडी सुरू करून पाहणे. बेल्ट तुटला असेल तर प्रत्येक प्रयत्नात वाचलेले वॉल्व्हही वाकतात. गाडी न्यूट्रलवर टाकून टो करणे हाच मार्ग.

नोंद ठेवायची कोणी?

विमा संपत आला की मेसेजवर मेसेज येतात. सर्व्हिसिंगसाठी शोरूममधून फोन येतो. पण बेल्टची वर्षे भरली, हे बहुतेक मालकांना कोणीच कळवत नाही. वॉरंटी संपल्यावर अनेक जण अधिकृत सेंटर सोडतात आणि तिथेच नोंद तुटते. गाडी विकली कधी आणि कोणत्या इंजिनाची, हे कंपनीकडे असते. त्यावरून एक मेसेज पाठवणे अवघड नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यांनीही टायरची अवस्था सांगतात तशी बेल्टची तारीख सांगायला हवी.

ते होईपर्यंत जबाबदारी मालकाचीच. त्याला फार काही लागत नाही. आरसी काढायची, नोंदणीचे वर्ष पाहायचे, आजच्या वर्षातून वजा करायचे. उत्तर पाच किंवा अधिक आले, इंजिन बेल्टवाले असले आणि बिल सापडत नसले, तर लांबच्या प्रवासाला निघण्याआधी गाडी गॅरेजला न्यावी. ओडोमीटर काहीही म्हणो.