दोन मीटरचा हट्ट

एका बंदर-कार्यालयाची ताजी निविदा गेल्या पंधरवड्यात सात वाचकांनी आम्हाला पाठवली. सातही जणांनी एकाच अटीखाली लाल रेघ मारली आहे: लाटांचे मॉडेल एक्स्प्लिसिट पद्धतीचे, ग्रिड सरसकट 2 मीटर, टाइमस्टेप 1 सेकंद.

20 मीटर खोलीवर लांब लाट सेकंदाला 14 मीटर जाते. म्हणजे एका स्टेपमध्ये सात खाने पार. कूरान्ट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी 1928 साली घातलेली अट कार्यालयाने परस्पर शिथिल केलेली दिसते! द्विमितीय गणितात स्टेप 0.1 सेकंदापर्यंत खाली आणावी लागेल, हे प्री-बिड बैठकीत एकाने सांगितले. उत्तर मिळाले, "लेखी द्या, मग पाहू."

बरे, 2 मीटर तरी कशाला? 10 सेकंदांची लाट 20 मीटर पाण्यात सुमारे 120 मीटर लांब असते, 5 मीटर पाण्यात 68. लाटेमागे वीस बिंदू धरले तरी बाहेर 6 मीटर चालतात, धक्क्याजवळ साडेतीन लागतात. त्यात सोबत दिलेल्या सर्व्हेच्या रेघा 50 मीटर अंतरावर, आणि सर्व्हे पावसाळ्याआधीचा. दोन रेघांमधले चोवीस बिंदू इंटरपोलेशनने भरायचे आणि त्या कल्पनेतल्या तळावर लाट मोडताना दाखवायची.

पण आपल्याकडचेही झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मागे आमच्याकडे आलेल्या एका लेखात अशाच 2 मीटरच्या ग्रिडवर स्पंज लेयर पाच खान्यांचा होता. 120 मीटरच्या लाटेला 10 मीटरचा स्पंज! लाट उघड्या सीमेवर आपटून बंदरात परत आली, लेखकाने तिला बंदराचे आंदोलन ठरवले आणि ब्रेकवॉटर लांबवायची शिफारस केली. दगडाचे पैसे कोणी भरायचे?

यापुढे प्रत्येक लेखासोबत दोन जादा रन हवेत: एक ग्रिड निम्मी करून, दुसरा स्पंज दुप्पट करून. ग्रिड निम्मी केली की वेळ आठपट लागतो, ठाऊक आहे. शनिवारी संध्याकाळी रन लावा आणि घरी जा.

निविदेवर हरकती घ्यायची मुदत या महिन्याच्या 20 तारखेला संपते. सात जणांनी रेघा मारल्या, लेखी हरकत एकाचीही नाही. ती पत्रे आम्हाला नकोत. हिशेब मांडून, सही करून त्या कार्यालयाला पाठवा.